आधी काय घेऊ?

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा भिंगकाकांना वाटलं, गॅलरीच्या दारावर कोणीतरी नखाने वाजवतंय. टक्. जराशी उसंत, आणि पुन्हा टक्, टक्. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कोण येऊन उभं राहणार? तरी ते उठले, दार उघडून पाहिलं. दोरीवर कालचा टॉवेल वाळत होता, खाली बेकरीचं शटर अर्धं वर गेलेलं होतं आणि त्याखालून कोणाचे तरी दोन पाय दिसत होते. बाकी सकाळ नेहमीसारखीच. परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा पडद्यावरचं वाक्य त्यांनी सोडलं होतं तिथेच होतं: 'बुरशी भिंगाच्या कडेकडून आत सरकते, म्हणून आधी'. त्यापुढची ती उभी रेघ, जी एरवी सारखी लुकलुकत असते, ती थिजली होती. त्यांनी एक कळ दाबली, मग दुसरी, मग माऊस हलवून पाहिला. काही नाही. टक्, टक्, टक्. आवाज टेबलाखालच्या पेटीतून येत होता. ते वाकले आणि आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा पेटीवर हात ठेवला. पेटी कोमट होती आणि आतून काहीतरी तळहाताला बारीक ठोके देत होतं.

यंत्र बिघडलं म्हणून गांगरून जाणाऱ्यांतले भिंगकाका नव्हते. छत्तीस वर्षं त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत सूक्ष्मदर्शक दुरुस्त केले होते. विद्यार्थ्यांनी भिंगात काचपट्टी घुसवलेली, कोणी साफ करायला म्हणून नेलपॉलिश काढायचं औषध ओतलेलं, कोणी जमिनीवर आपटून वर 'आपोआपच झालं' म्हणून सांगितलेलं. असे शेकडो त्यांच्या हाताखालून गेले आणि धडधाकट होऊन जिन्याने वर परतले. 'भिंगकाका' हे नाव तिथलंच. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांनीही भाषणात तेच वापरलं आणि खरं नाव सांगायची वेळ आली तेव्हा अडखळले. पण सूक्ष्मदर्शकाचं दुखणं डोळ्यांना दिसायचं. मळसूत्र झिजलंय, आरसा तिरका बसलाय, वंगणाचा डिंक झालाय. या पेटीत मात्र पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्यात सूक्ष्मदर्शक-दुरुस्तीवरच्या त्यांच्या पुस्तकाची दहा प्रकरणं पुरी आणि अकरावं संपत आलेलं आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. कार्यशाळेत आता जी दोन माणसं होती त्यांनीच मागे लागून लिहायला लावलेलं पुस्तक. चार वर्षं रोज सकाळी दोन तास, एका बोटाने. कागदावरचा खर्डा टाइप करून झाला की फाडून टाकायचा, घरात कागद साठू द्यायचे नाहीत, ही त्यांची शिस्त. ती शिस्त आता अंगाशी आली होती.

मुलाला फोन करता आला असता. तो दुसऱ्या शहरात पूल बांधत होता; आठवडाभर पुलावर आणि शनिवारी संध्याकाळी बापाशी फोनवर, असा त्याचा नेम. तो काय म्हणेल हे काकांना शब्दशः ऐकू येत होतं: 'बाबा, तो डबा टाका आता, नवीन पाठवतो.' मुलगा वाईट नव्हता. फक्त त्याला नवीन गोष्टी पाठवायची सवय होती. दुसरा एक नंबर काकांना पाठ होता. सुनेचा. म्हणजे, सून होती तेव्हापासूनचा. दीड वर्षापूर्वी ते दोघं वेगळे झाले, आणि तेव्हापासून तिला काय म्हणायचं हा प्रश्न काकांनी सोडवलेला नव्हता. 'सून होती' म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा लगेच दुखवट्याचा होई. 'घटस्फोट झाला' म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढून बसे. म्हणून हल्ली ते बाहेर कुणाला काही सांगतच नसत. मनात मात्र तिला जुन्याच नावाने हाक मारत: मास्तरीण. हे नाव आठ वर्षांपूर्वीचं. ती कॉलेजात असताना संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करायची, आणि या घरात आल्यावर पहिल्याच वर्षी तिने सुटे भाग आणून जेवायच्या टेबलावर हा कॉम्प्युटर जोडला होता. काका शेजारी बसून एकेक तुकडा हातात घेऊन तिच्याकडून शिकत होते आणि काकू दुसऱ्या बाजूला बसून 'जेवायचं कुठे?' म्हणून कुरकुरत होत्या. महिन्याभरात त्याच काकू त्यावर पत्त्यांचा डाव लावायला शिकल्या आणि हरायला लागल्या की डाव मोडून नवा मांडायच्या. 'आई, ही चोरी आहे,' मास्तरीण म्हणायची. 'मशीन कुठे तक्रार करतंय?' असं काकूंचं उत्तर. नंतर शेवटच्या आजारपणातही त्यांनी ती चोरी सोडली नाही.

काकांनी फोन लावला. दुसऱ्याच घंटेला तिने उचलला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. कॉम्प्युटरचं काही खरं नाही."

ती एका कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची, बहिऱ्यांना यंत्रं बसवून द्यायची. काका आवाजाचं वर्णन करायला लागले, तशी तिने मध्येच थांबवलं. "फोन पेटीजवळ धरा. आणि बोलू नका." ते गुडघ्यांवर बसून फोन धरून राहिले. दूर कुठेतरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंद खोलीत बसून ती ऐकतेय, आणि मध्ये आपण श्वासही रोखून धरलाय, हे त्यांना जाणवलं आणि उगाचच बरं वाटलं. मग फोनमधून बारीक आवाज आला, "बंद करा! बाबा, बटण राहू दे, भिंतीतली वायरच काढा." त्यांनी काढली. टक्टक् थांबली आणि खोली एकदम मोठी झाली.

"डिस्क मरायला टेकलीय," ती म्हणाली. "ज्यावर सगळं साठवलेलं असतं ती. चालू ठेवली तर आहे तेही खरवडलं जाईल. हात लावू नका. उद्या सुट्टी आहे, येते मी."

"तुला त्रास..."

"साडेनऊला येते," ती म्हणाली.

त्या दिवशी काकांनी घर दोनदा झाडलं. हॉलमधल्या एका खिळ्यावर कॅलेंडर होतं. त्या जागी पूर्वी लग्नातला फोटो होता. मुलानेच तो काढायला सांगितला होता. काकांनी कॅलेंडर उतरवलं, नुसता खिळा जास्तच बोलका दिसायला लागला म्हणून पुन्हा टांगलं. मग आरशासमोर उभं राहून ते स्वतःशीच चिडले. पाहुणी येणार असल्यासारखं काय चाललंय? आणि पाहुणी नाही तर कोण? भांडून गेली असती तर सोपं होतं. पण त्या दोघांत भांडण झालंच नव्हतं. ते फक्त एकमेकांशी फार सौजन्याने वागायला लागले होते. 'तू घे', 'नको, तू घे', 'तुला हवं तसं'. बंद दाराआड आवाज चढले असते तर काकांनी मध्ये पडायचं धाडस तरी केलं असतं. सौजन्याच्या मध्ये कसं पडणार? ज्या संध्याकाळी दोघं शेजारीशेजारी सोफ्यावर बसून सांगायला आले, तेव्हा काकांच्या तोंडून एवढंच निघालं होतं: 'चहा घेणार?' दोघांनी घेतला. आजवर केलेल्या सगळ्या बोलण्यात त्या दोन शब्दांची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटायची.

ती बरोबर साडेनऊला आली. केस कापलेले, पाठीवर पिशवी. चपला काढताना तिने सवयीने पायानेच त्या कोपऱ्यात सारल्या आणि काकांना त्या कोपऱ्याबद्दल एकदम माया वाटली. इकडचं तिकडचं बोलणं झालं नाही. तिने टेबलाखाली शिरून वायरी काढल्या, पेटी उचलून जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली, बाजूचा पत्रा सरकवला. आत आठ वर्षांची धूळ होती, मऊ, करड्या लोकरीसारखी.

"अरे देवा," ती म्हणाली.

"थांब." काका आतून आपला रबरी फुगा आणि उंटाच्या केसांचा ब्रश घेऊन आले. छत्तीस वर्षं भिंगांवर चालवलेला तो ब्रश त्यांनी पंख्याच्या पात्यांवरून, सर्किटच्या हिरव्या पाटीवरून असा फिरवला, की ती हातातला पेचकस तसाच धरून पाहत राहिली. धूळ निघाली तसा तिचा हात पेटीच्या लोखंडावर टेकला. अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची असते, नाहीतर नाजूक भाग जळतात, हे तिने त्यांना पूर्वी समजावलं होतं. त्यांनीही न सांगता हात टेकला. मग पेचकसावरून जुंपली. ती जो लावत होती तो स्क्रूच्या खाचेत सैल बसतो, असं काकांचं म्हणणं.

"चालतंय, बाबा."

"चालतंय म्हणूनच खाचा मरतात. एक नंबर मोठा घे."

"घेतला. झालं समाधान?"

"झालं."

चार स्क्रू निघाले आणि डिस्क तिच्या तळहातावर आली. काळ्या-रुपेरी धातूची, पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी, पण जड. नवी डिस्क तिने शेजारी ठेवली. ती इतकी हलकी होती की काकांनी आत काही आहे ना म्हणून कानाशी हलवून पाहिली. "हिच्यात फिरणारं काहीच नाही. आवाजही येणार नाही," ती म्हणाली. नवी ती नंतर बसवणार होती. आधी जुनीतून जे निघेल ते काढायचं. तिने आपला लॅपटॉप उघडला, एका दुतोंडी वायरीने जुनी डिस्क त्याला जोडली, आणि दोघं वाकून ऐकायला लागले. डिस्क घरघरली. एकदा टक् झालं. काकांनी टेबलाची कड धरली. मग पडद्यावर एकामागून एक पिवळी पाकिटं उघडी झाली: 'पुस्तक'. 'फोटो'. 'आईचे पत्ते'. 'इतर'.

"ही तापली की अडणार," तिने खालच्या आवाजात सांगितलं, जणू डिस्क ऐकत होती. "किती वेळ देईल, सांगता येत नाही. आधी काय घेऊ?"

"तुला काय वाटतं?"

"पुस्तक चिमूटभर आहे. तेच घेते." एक, दोन, तीन, प्रकरणं भराभर या बाजूने त्या बाजूला गेली. दहावं गेलं. अकराव्यावर पट्टी अर्ध्यात थांबली आणि डिस्क टकटकायला लागली, काल सकाळसारखीच, उलट जास्त घाईने. तिने पटकन थांबवलं. डिस्क शांत झाली. "नेमकी तिथेच जागा खराब झालीय," ती म्हणाली. "पुन्हा प्रयत्न करता येईल. दहादा, वीसदा. कदाचित निघेल. पण त्या नादात डिस्कने तिथेच मान टाकली, तर मागचे फोटो गेले. सोडून दिलं तर फोटो मिळतील. बहुतेक. तुम्ही सांगा."

अकरावं प्रकरण बुरशीचं होतं. पुस्तकात सगळ्यांत चांगलं तेच उतरलं होतं, हे काकांना माहीत होतं, कुणाला सांगितलं नसलं तरी. सहा महिने त्यांनी ते घोटलं होतं. बुरशी काचेला खाते म्हणजे काय, ती कोवळी असताना श्वासाच्या वाफेने कशी निघते, जून झाली की कुठे थांबायचं. कारण हट्टाने पुसत बसलं तर बुरशीबरोबर भिंगही जातं. ते हाताच्या बोटांकडे पाहत राहिले. त्या वाक्यांतलं एकही आत्ता जसंच्या तसं आठवेना. पण बोटांना सगळं आठवत होतं.

"सोड ते," काका म्हणाले. "फोटो घे."

"बाबा, सहा महिने..."

"मी जिवंत आहे अजून. पुन्हा लिहीन. फोटो कसे पुन्हा काढणार?"

तिने मान हलवली, पाकीट उघडलं आणि माऊसवरचं बोट तसंच ठेवलं. "यात आमच्या लग्नाचेही आहेत," पडद्याकडेच बघत ती म्हणाली. "ते घेऊ? की..."

"घे की. माझ्या घरातले फोटो आहेत ते."

हे फोटो सावकाश येत होते. डिस्क दहा मिनिटं चालायची, मग मास्तरीण तिला बंद करून थंड होऊ द्यायची, पुन्हा सुरू. मधल्या वेळात दोघांना करण्यासारखं काही नव्हतं. लहान लहान चौकोनांत माणसं यायची आणि सरकून जायची. काकू हातात कलिंगडाची फोड घेऊन. मुलगा पिवळी टोपी घालून पुलाच्या खांबावर. मास्तरीण लांब केसांची, डोळे मिटलेली. तिचे प्रत्येक फोटोत डोळे मिटलेलेच असत. मग लग्नातले आले. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती. काकांना तिचा अर्धाच चेहरा दिसत होता आणि तो काही सांगत नव्हता. एक एक करत बरेच गेले.

"बाबा," ती म्हणाली, "मी लग्न करतेय. पुढच्या शुक्रवारी. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून आले. म्हणजे डिस्कसाठी आलेच असते. पण सांगायचंही होतं."

काका उठले. आत गेले. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आणि निळ्या ज्योतीकडे बघत राहिले. छातीत डावीकडे नव्हे, मधोमध, काहीतरी किंचित तिरकं झालं होतं. राग म्हणावा तर राग कुणाचा? मुलाला वेगळं होऊन दीड वर्ष झालं. त्यानेही आपलं आयुष्य मांडलं असेल, नसेल, बापाला सांगितलं नव्हतं. मग हे काय? वेगळी झाली तेव्हा ती मुलापासून झाली होती. आपल्यापासून झालीय असं काकांनी मनातून कधी मानलंच नव्हतं. वाढदिवसाला तिचा फोन यायचा. पेटीत तिचं काम होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, बस बदलून यावं लागतं, एवढंच. आता ती दुसऱ्या कुणाच्या घरची होणार, तिथेही कोणी सासरे असतील, ते तिला कसली तरी हाक मारतील. एकाहत्तर वर्षांचा माणूस एका न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा मत्सर करत ओट्यापाशी उभा आहे, हे त्यांना दिसलं. पाण्याला बुडबुडे यायला लागले होते. आणि त्याबरोबरच त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा चहाच करतोय. त्यांनी गॅस बंद केला. पाणी तसंच ठेवून बाहेर आले.

ती तशीच बसली होती, पण पाठ आता खुर्चीला टेकलेली नव्हती.

"कोण आहे?" काका समोर बसत म्हणाले. "नीट सांग. सगळं सांग."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे खांदे खाली आले. "शाळेत भूगोल शिकवतो. डाव्या कानाने कमी ऐकतो. माझ्याकडेच आला होता तपासायला. यंत्र बसवल्यावर तीनदा परत आला, आवाज नीट येत नाही म्हणून. यंत्रात काही बिघाड नव्हता."

"म्हणजे कान सोडून दुसरंच काहीतरी दाखवायला येत होता."

"हो."

"आणि एका कानाने ऐकतो म्हणजे तुझं निम्मंच ऐकणार. टिकेल मग."

शब्द बाहेर पडल्यावर काका चपापले. टिकेल. कुठल्या तोंडाने बोललो आपण हे? पण ती हसायला लागली, आधी नाकातून, मग मोकळी, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसले. डिस्कने मध्येच एकदा टक् केलं तशी ती दचकून लॅपटॉपकडे वळली. काकूंचे पत्ते चालले होते: प्रत्येक जिंकलेल्या डावाचं चित्र काकूंनी जपून ठेवलं होतं. दोनशे सहा डाव. ते सगळे आले. 'इतर' मधलं निम्मं आलं आणि डिस्क एक लांब श्वास घेतल्यासारखी घरघरून थांबली ती पुन्हा फिरलीच नाही. तिने वायर काढली. काकांनी डिस्क उचलून हातात धरली. अजून गरम होती.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "नोंदणी कार्यालयात साक्षीदार लागतात. त्याच्या बाजूने त्याची बहीण आहे. माझे आईबाबा नाहीत, भाऊ लांब आहे, निघू शकत नाही. तुम्ही याल का सही करायला?" आणि लगेच, हात पुढे करून, "आत्ता उत्तर देऊ नका. मी आधी कॉम्प्युटर पुरा करते. म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तरी तो चालू झालेला असेल."

नवी डिस्क चार स्क्रूंनी बसली. पत्रा लागला, पेटी टेबलाखाली गेली, वायरी आपापल्या भोकांत. तिने पिशवीतून बोटाएवढा पेन ड्राइव्ह काढून समोर खोचला. नवी यंत्रणा त्यातून घालायची होती. काळा पडदा, मग निळा, मग प्रश्न. भाषा कुठली? घड्याळ कुठलं? डिस्क रिकामी आहे, सगळी वापरू? ती उत्तरं देत गेली. मग पडद्यावर आकडे सुरू झाले. चार टक्के. नऊ टक्के. काका शेजारच्या खुर्चीत बसून आकडे पाहत होते, पण मनात मुलाचा चेहरा होता. सातवीतला, गुण कमी पडल्यावर प्रगतिपुस्तक पाठीमागे धरून उभा असलेला. मुलाला हे कसं वाटेल? आपला बाप तिच्या लग्नात साक्षीदार. लोक काय, लोकांना काका विचारणारही नव्हते. पण त्याला एकट्याने तिकडे, पुलावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून हे ऐकावं लागेल. तेवीस टक्के. आणि हिला एकटीने तिकडे जावं लागेल, एका बाजूला तो आणि त्याची बहीण, आणि हिच्या बाजूची खुर्ची रिकामी. अठ्ठावीस. चाळीसवर आकडा बराच वेळ रेंगाळला.

"अडलं का?"

"नाही. चाळीसवर असंच होतं. थांबायचं."

थांबले. पेटी खरंच मुकी होती. शंभर झाल्यावर पडदा विझला, पुन्हा उजळला, आणि कसलीच खूण नसलेलं, स्वच्छ, रिकामं पान समोर आलं. तिने वाचवलेलं सगळं त्यात ओतलं आणि पहिलं प्रकरण उघडलं. पानभर चिन्हांचा कचरा. कंस, टिंबं, उलटे स्वल्पविराम. काकांचा जीव टांगणीला लागला. "फाँट," ती शांतपणे म्हणाली, "तुमचा तो जुना फाँट नव्यात नाही." तो तिच्या लॅपटॉपमध्ये होता. एवढी वर्षं तो तिने तिथे का ठेवला असेल, हे काकांनी विचारलं नाही. तिने तो घातला, आणि कचऱ्यातून ओळी उभ्या राहिल्या: 'सूक्ष्मदर्शक उचलताना नेहमी दोन हात वापरावेत. एक मानेशी, एक पायाखाली.'

"त्या अर्जात," काका ओळ वाचता वाचता म्हणाले, "साक्षीदाराचं नातं लिहावं लागतं?"

तिचा हात माऊसवर थांबला. "हो. रकाना आहे."

"'सासरे' लिहिलं तर साहेब खुर्चीवरून पडेल."

"पडेल," ती म्हणाली.

"मग 'घरचे' लिही. किती वाजता यायचं?"

"अकरा," ती म्हणाली, आणि उगाचच पडद्यावरची चित्रं इकडची तिकडे करत बसली. मग दोघांनी उकडलेली अंडी आणि टोस्ट खाल्ले, कारण दुपारचे तीन वाजले होते आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं. निघताना तिने विचारलं, "त्याला मी सांगू, की..." काका म्हणाले, "मी सांगतो. माझ्याकडूनच कळू दे." दारात तिने त्यांचा हात क्षणभर दोन्ही हातांत धरला. जिन्यावरून तिची पावलं खाली जाताना ते मोजत नव्हते, नुसते ऐकत होते, शेवटचं दार लागेपर्यंत.

सहा वाजता मुलाचा फोन आला. मागे वारा होता. आधी हवा, मग गुडघे, मग "कार्यशाळेतल्या लोकांना पुस्तक कधी देणार?" काकांनी पुस्तकाचं सांगितलं, डिस्कचं सांगितलं.

"मग दुरुस्त कोणी केला?"

"तिने. सकाळी आली होती."

वारा. "बरं झालं," मुलगा म्हणाला. "मजेत आहे ना?"

"लग्न करतेय. शुक्रवारी." काकांनी डोळे मिटून घेतले. "मला साक्षीदार म्हणून बोलावलंय. मी हो म्हटलंय. तुला विचारलं नाही आधी."

फोनमधून लोखंडावर लोखंड आपटल्याचा दूरचा नाद येत होता. काका वाट पाहत राहिले. आपण त्याला आता काहीतरी समजावायला हवं, असं वाटत होतं, आणि जे काही समजावू ते खोटं पडेल, असंही.

"कोण आहे?" शेवटी आवाज आला.

"मास्तर आहे. भूगोलाचा."

"भूगोलाचा?" मुलगा म्हणाला, आणि घशातून कसलासा आवाज निघाला, हसला की आणखी काही, कळलं नाही. "तिला उजवं-डावं कळत नाही बाबा. दोन वर्षं बसस्टॉपपासून घरापर्यंत मी तिला फोनवरून आणत होतो."

"माहीत आहे मला."

"वाईट वाटतंय मला," तो अचानक म्हणाला. "वाटणारच. थोडा वेळ वाटेल. पण तुम्ही जा. तिच्या बाजूला कोणीतरी पाहिजे." पुन्हा वारा. मग नेहमीचा, जरा दरडावणारा आवाज, "आणि बाबा, बूट पॉलिश करून जा. त्या चपला घालून जाऊ नका. ऐकलंत?"

"ऐकलं."

फोन ठेवल्यावर काका बराच वेळ हॉलमध्ये उभे होते. मग त्यांनी पलंगाखालून बूट काढले. टाचा ठीक होत्या, पण चामडं कोरडं पडून भेगाळलं होतं. पॉलिशची डबी सापडली. उघडली तर आत सुकून तडकलेला काळा खडा. त्यांनी तो नखाने उकरून पाहिला. कामाचा नव्हता. लग्नाला अजून सहा दिवस होते, उद्या आणलं असतं तरी चाललं असतं, परवाही. काकांनी शर्टाची वरची गुंडी लावली, किल्ली घेतली, आणि कोपऱ्यावरचं दुकान उघडं असतानाच गाठावं म्हणून ते जरा भराभरच जिना उतरू लागले.